चिंचोक्याची खळ

त्या आठवड्यात हिरवी पाटी संपली.
पुण्याचं पार्सल लातूरला अडकलेलं,
लॅबच्या कपाटात उरले बोटाएवढे तुकडे,
फेरिक क्लोराइडची अर्धी बाटली
आणि माझी पिवळी नखं.

बावीस वर्षं मी इथे तांबं विरघळवतो.
अंबाजोगाईच्या या खोलीत जेवढे अँटेना झाले
ते या नखांखालून गेलेत:
चौकोनी, गोल, पोटात फट पाडलेले.
परीक्षक जेवून गेले की भंगारात.

सुकेशनी म्हणाली, काचेच्या पाटीवाचून अडतंय कुठे, सर?
वरचं तांबं खालच्या तांब्यापासून
तोलून धरणारं काहीतरी हवं, एवढंच.
तिनं जीन्सचं कापड मोजलं, पुठ्ठा मोजला,
केळीच्या खोडाचा कागद मोजला,
तो दुसऱ्या दिवशी पापडासारखा वाकला.
मग पिशवीतून घोंगडी काढली.

रेणापूरकडच्या वाडीत शरणाप्पा सनगर
खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेले.
"तीन मिलिमीटर पाहिजे, सगळीकडे सारखी."
त्यांनी अंगठा आणि बोटात कापड धरलं. "एवढी?"
मी व्हर्नियर लावला.
तीन पूर्णांक एक.

लोकर म्हणजे बरीचशी हवाच.
लाट तिच्यात ऐसपैस पाय पसरते,
पाटीवर जे एकोणतीस मिलिमीटरमध्ये बसतं
त्याला इथे पन्नास लागतात.
आम्ही तांब्याची पट्टी कापली, चिकटवली, सोल्डर केलं,
जळक्या केसांचा वास तासभर खोलीत.

पण पडद्यावरची दरी
जागेवर पडेना. अलीकडेच पडायची,
थंडीच्या सकाळी फार अलीकडे,
दुपारी जरा सरकून.
आम्ही केबल बदलली, कनेक्टर बदलला,
एकमेकांवर चिडून झालं.

"खळ हाय ती," शरणाप्पा फोनवर म्हणाले.
"चिंचुके भाजायचे, फोडायचे, भिजू घालायचे, शिजवायचे.
सकाळच्याला वल धरती ती.
मशीनला कळालं म्हना की तुमच्या."
बिनखळीची द्याल का?
"ती घोंगडी नसती ओ बाई. नुसती लोकर ऱ्हाती."

तिनं तक्त्यात एक रकाना वाढवला: खळीसकट.

अडचण दुसरीच होती.
रानात मेंढपाळ कुशीवर झोपतो, उताणा झोपतो,
घोंगडी आडवी झाली
की संदेश अर्ध्यात तुटतो.
डोळे दाखवायला शरणाप्पा गावात आले,
टेबलावरचा तांब्याचा चौकोन त्यांनी नाकाजवळ धरला.
"याला खूण नाई केली?"
कसली?
"मेंढराच्या कानाला कातर मारत्यात तशी.
कुनाचं कोनतं, कळाय नगं?"

ती हसली. मग हसायची थांबली.
एक कोपरा कातरला,
आणि त्याच्या समोरचा.
पुस्तकात ही युक्ती होतीच,
त्या पानाची झेरॉक्स मीच काढून दिली होती तिला.
तरी कातर चालली ती त्यांच्या बोलण्यावर.

आता लाट गिरकी घेत निघणार होती.
धरा कशीही.

तपासायला काळी खोली नाही आमच्याकडे.
मे महिना, कॉलेजची गच्ची,
फिरत्या स्टुलावर मी, अंगावर घोंगडी,
छातीवर ते कानकापं तांबं.
पलीकडच्या इमारतीवरून ती ओरडतेय:
दहा. वीस. तीस, सर, हलू नका.
खाली फर्स्ट इयरची पोरं मोबाइल वर धरून उभी.
घाम खळीत उतरला,
दरी पुन्हा सरकली,
तिनं तेही लिहून घेतलं.

संध्याकाळी शरणाप्पांना फोन केला, जमलं म्हणून.
किती डीबी ते त्यांनी विचारलं नाही.
"ऊब ऱ्हायली का पन, तांबं लावल्यावर?"
ते आम्ही मोजलंच नव्हतं.
लई गरम होतं, मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

प्रबंधात आकृती चौदा आहे.
जवळपास गोल, डाव्या बाजूला जरा चेपलेली,
आणि एकशे ऐंशीच्या आसपास एक खळगा.
खाली लिहिलंय: मानवी शरीराचा परिणाम.
तो मी.